पान, पाणी आणि तारीख

एलियट पोर्टर हे नाव आपल्या मंडळींपैकी फारशा कुणाच्या कानावर असेल असं वाटत नाही. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स ठाऊक असतो. त्याचे योसेमिटीचे कडे दर डिसेंबरात कॅलेंडरांवर येतात आणि डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये वर्षभर आपल्याकडे पाहत राहतात. पण आपल्यातल्या निम्म्या लोकांनी नातं सांगावं असा फोटोग्राफर म्हणजे पोर्टर. जन्म १९०१ चा, इलिनॉयमधल्या विनेटका गावचा. हार्वर्डला आधी केमिकल इंजिनिअरिंग, मग १९२९ साली तिथूनच डॉक्टरकी, आणि त्यानंतर दहाएक वर्षं तिथंच बायोकेमिस्ट्री आणि बॅक्टेरिऑलॉजीचं अध्यापन आणि संशोधन. म्हणजे इंजिनिअर आणि डॉक्टर दोन्ही एकाच माणसात! आपल्याकडच्या कुठल्याही वधूपित्यानं हात जोडावेत असं स्थळ. आणि १९३९ मध्ये या गृहस्थानं हार्वर्डची नोकरी सोडली. कशासाठी, तर पक्ष्यांचे फोटो काढायला.

निमित्त घडलं ते आल्फ्रेड स्टिग्लिट्झमुळे. अमेरिकन फोटोग्राफीच्या या पितामहानं १९३८-३९ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या आपल्या गॅलरीत पोर्टरच्या कृष्णधवल फोटोंचं प्रदर्शन भरवलं. तेवढं बळ पोर्टरला पुरलं. पुढे पक्ष्यांच्या पुस्तकाचा विचार निघाला तेव्हा कृष्णधवल फोटोंत एक पक्षी दुसऱ्यापासून ओळखता येत नाही अशी अडचण पुढे आली, म्हणून तो रंगीत फोटोग्राफी शिकला. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. पोर्टर रंगाकडे वळला तो रंग सुंदर असतात म्हणून नव्हे, रंगाशिवाय ओळख पटत नाही म्हणून. त्याच्या पुढच्या सगळ्या कामाची किल्ली इथं आहे.

या लेखात मी त्याच्या दोन पुस्तकांबद्दल लिहिणार आहे. पहिलं १९६२ चं, 'इन वाइल्डनेस इज द प्रिझर्व्हेशन ऑफ द वर्ल्ड', आणि दुसरं १९६३ चं, 'द प्लेस नो वन न्यू'. दोन्ही सिएरा क्लबनं काढली. साठ वर्षं उलटून गेलेल्या पुस्तकांवर आज आपल्या अंकात लिहिण्याचं कारण तुमच्या-माझ्या खिशात आहे. फोन हातात आल्यापासून आपण सगळेच फोटो काढतो, आणि पूर्वी कधी काढले नाहीत असे बारक्या गोष्टींचे काढतो. पाकळीवरचा दवबिंदू, कोळ्याचं जाळं, गवतावरचं हिमाचं दहिवर. सकाळी उठून पाहावं तर 'सुप्रभात'सह असे चार फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडलेले असतात. तेव्हा बारकाव्याचा फोटो ही गोष्ट आता दुर्मीळ नाही. दुर्मीळ काय आहे, आणि चांगला फोटो व नुसता गोड फोटो यांतला फरक कुठं आहे, हे पाहायला ही दोन पुस्तकं उपयोगी पडतात.

पहिलं पुस्तक आमच्या न्यू इंग्लंडचं. हेन्री डेव्हिड थोरो, ज्याचं लिखाण गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना वाचलं तोच हा, इथल्या काँकॉर्ड गावचा. तो १८६२ मध्ये वारला. बरोबर शंभर वर्षांनी निघालेल्या या पुस्तकात एका बाजूला थोरोचा उतारा आणि समोर पोर्टरचा फोटो, अशी मांडणी ऋतूंच्या क्रमानं केली आहे. पुस्तकाचं नावही थोरोच्याच 'वॉकिंग' या निबंधातलं. पोर्टरनं यावर दहाहून अधिक वर्षं काम केलं. छपाई फार महाग पडेल म्हणून प्रकाशक मिळेना. अखेर सिएरा क्लबच्या डेव्हिड ब्राउवरनं ते मनावर घेतलं.

पुस्तक चाळू लागलं की पहिल्यांदा काय जाणवतं, तर आकाश नाही. क्षितिज जवळजवळ नाहीच. डोंगर असलाच तर त्याचा पायथा आहे, तोही शेवाळलेला. अ‍ॅडम्सच्या फोटोत आपण उंबरठ्यावर उभे राहून भव्य दिवाणखाना पाहतो. पोर्टर आपल्याला हात धरून माजघरात नेतो. एका खडकावरचं दगडफूल, ओढ्याच्या काठचं नेचं, बर्फातून डोकावणारी लाल काडी. १९७९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं त्याचं प्रदर्शन भरवलं त्याचं नावच 'इंटिमेट लँडस्केप्स' होतं. त्या म्युझियमनं एकाच माणसाच्या रंगीत फोटोंचं स्वतंत्र प्रदर्शन भरवण्याची ती पहिली वेळ. तोवर 'रंगीत फोटो म्हणजे जाहिरात आणि वाढदिवस, कलेचा फोटो कृष्णधवल' असाच जाणकारांचा समज होता.

या काळातला त्याचा एक गाजलेला फोटो घेऊ. न्यू हॅम्पशरमधल्या पाँड ब्रुक नावाच्या ओढ्यातलं एक साधं डबकं. वर गळलेली पानं तरंगताहेत, खाली काठच्या झाडांचं आणि वरच्या आकाशाचं प्रतिबिंब. विषय विचाराल तर एवढाच. यातले रंग सांगायला बसलं की इंग्रजी मला अपुरी पडते. रेड, ऑरेंज, यलो, ब्राऊन, झालं! फॉल कलर्सची बस ट्रिप काढून आपण कँकमॅगस हायवेवरून जातो तेव्हा बसमधे 'ब्युटिफुल' या एका शब्दावर सगळ्यांचं भागतं. पण आपल्या आया-मावश्यांच्या लुगड्यांच्या पेटीत या प्रत्येक रंगाला नाव होतं. काठाशी अडकलेलं पान डाळिंबी. त्याच्या शेजारचं, कडेनं करपत चाललेलं, आमसुली. पाण्यात अर्धं बुडालेलं अबोली. पाण्याचा रंग, आकाशाचा निळा आणि सावलीचा काळा मिळून झालेला, चिंतामणीच्या जवळचा. दुकानदारानं गादीवर बसून शंभर लुगडी उलगडली तरी 'हा वांगी नव्हे, हा कोनफळी' असं ठामपणे सांगणारी नजर आपल्या घराघरात होती. ती नजर विमानात बसताना मागं राहिली असं मानायचं काही कारण नाही.

पोर्टरची नजर या जातीची आहे, आणि ती प्रिंट करतानाही सुटत नाही. तो 'डाय ट्रान्सफर' पद्धतीनं प्रिंट करी. एका रंगीत फिल्मपासून तीन वेगळी निगेटिव्हं करायची, त्यांवरून जिलेटिनचे तीन साचे, मग एक साचा निळसर, एक किरमिजी आणि एक पिवळ्या रंगात भिजवून तिन्ही एकाच कागदावर एकावर एक बसवायचे. आपल्याकडचे छिपे लाकडी ठशांनी कापड छापतात त्याच्याशी हे अगदी मिळतंजुळतं आहे. ठसा सूतभर सरकला की सगळं कापड वाया. कोडॅकनं १९९० च्या दशकात या पद्धतीचं साहित्य बनवणंच थांबवलं. आज फोनवर बोट फिरवून रंग भडक करता येतो. पोर्टरला तो भडक करता येत होता. पण त्याची खटपट मुख्यतः रंग नेमका ठेवण्यासाठी होती.

एक साधी गोष्ट पाहा. उघड्या आकाशाखालच्या सावलीत सूर्याचा पिवळा उजेड पोचत नाही, तिथं निळ्या आकाशाचा उजेड असतो. त्यामुळे सावलीतला बर्फ निळसर असतो. आपला डोळा हे दर हिवाळ्यात पाहतो, पण 'बर्फ पांढरा' हे आधीच ठरलेलं असल्यामुळे मेंदू तो निळा पुसून टाकतो. फिल्म पुसत नाही. पोर्टरनं तो निळा ठेवला आणि त्याचे रंग खोटे वाटतात असं म्हणणारे निघाले. पुढच्या वेळी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना गराजच्या सावलीत जरा पाहा. खोटं कोण बोलत होतं ते कळेल.

आता माझा मुख्य मुद्दा. पोर्टरच्या फोटोंना 'शरदाचं गाणं' किंवा 'शांतता' असली नावं नसतात. त्यांना पत्ते असतात. वरच्या डबक्याच्या फोटोखाली ओढ्याचं नाव आहे, राज्याचं नाव आहे आणि तारीख आहे : ४ ऑक्टोबर १९५३. केंटकीतल्या रेड रिव्हर गॉर्जजवळच्या गुलाबी रेडबड झाडांच्या फोटोखाली १७ एप्रिल १९६८. ही वैज्ञानिकाची सवय. प्रयोगाच्या वहीत तारीख नसेल तर प्रयोग झालाच नाही असं आमच्या लॅबमध्येही मानतात. पण या सवयीमुळे फोटोचा अर्थच बदलतो. तारीख नसलेलं सुंदर पान कुठलंही असतं. ते व्हरमाँटचं असेल, जपानचं असेल, कॅलेंडर छापणाऱ्याच्या कपाटातलं असेल. तारीख आणि जागा असलेलं पान साक्ष देतं : या दिवशी, या ठिकाणी, हे असं होतं, आणि एक माणूस ते पाहायला थांबला होता. 'सुप्रभात'वाला दवबिंदू आणि पोर्टरचं डबकं यांतला फरक मला विचाराल तर कॅमेऱ्याचा नाही, कौशल्याचाही फारसा नाही. तो या साक्षीचा आहे.

तारखेत काय ताकद असते याचा दाखला थोरोनंच ठेवला आहे. काँकॉर्डच्या परिसरात कुठलं फूल कधी फुललं याच्या नोंदी त्यानं १८५० च्या दशकात वर्षानुवर्षं केल्या. त्याच्या हयातीत त्याचा कुणाला काय उपयोग असणार? पण या शतकात बोस्टन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी त्या नोंदी आजच्या फुलांशी ताडून पाहिल्या, तेव्हा अनेक फुलं पूर्वीपेक्षा कितीतरी आधी फुलू लागल्याचं दिसलं. हवामान बदलतंय हे सांगायला उपग्रह लागतात तसं एका रिकामटेकड्या मानल्या गेलेल्या माणसाचं टिपणही लागतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ चं, म्हणजे पोर्टरच्या पुस्तकाच्या सहा वर्षं आधीचं. तेही ऋतूंच्या चालीनं, चैत्रापासून महिन्यामहिन्यानं जाणारं. मुंबईत राहणारी एक विदुषी झाडाची पालवी, फुलाचा रंग, पाखराची हालचाल यांवर इतकी बारीक नजर ठेवते आणि त्यासाठी मराठीतले विसरलेले शब्द वर काढते, हे आपल्या भाषेचं भाग्य. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहिली तर एक फरक दिसतो. दुर्गाबाईंच्या निसर्गात माणूस आहे. सण आहेत, लोकसमजुती आहेत, बायका आहेत, जुनं काव्य आहे. पोर्टरच्या पुस्तकात माणूस नाही. वाट दिसली तरी वाटसरू दिसत नाही. ही उणीव पहिल्या पुस्तकात खपून जाते, कारण थोरोची सोबत आहे. दुसऱ्या पुस्तकात ती खुपते.

त्याकडे वळण्यापूर्वी आपल्या आल्बमांबद्दल दोन शब्द, कारण ते या दोन पुस्तकांच्या मधे ठेवून पाहण्यासारखे आहेत. साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांत इथं आलेल्या कुठल्याही मराठी घरातला आल्बम काढा. नायगारासमोर आम्ही. स्वातंत्र्यदेवीच्या पायाशी आम्ही. व्हाइट हाउसच्या कुंपणाशी आम्ही. पहिल्या गाडीच्या बॉनेटला टेकून आम्ही, आणि उघड्या फ्रिजशेजारी साडीवर स्वेटर घातलेली नवी सूनबाई. या फोटोंना हसणाऱ्यांत मी नाही. ते फोटो म्हणजे पत्रं होती. फोन मिनिटाला कित्येक डॉलर असताना सांगली-सोलापुरातल्या आईला 'मी सुखरूप आहे, जाड कोट आहे, दूध-फळं भरपूर आहेत' हे सांगायचं काम ते करत होते, आणि ते त्यांनी चोख केलं. नायगारा तिथं फक्त सही-शिक्क्यासाठी होता.

पण त्या पत्राचं काम संपून फार दिवस झाले. आता आई व्हिडिओवर रोज दिसते, किंवा दिसायची थांबली आहे. तरी आपला फोटो अजून तसाच : आम्ही पुढे, जागा मागे. एकाच घरात तीस वर्षं राहिलेल्या माणसाला दारातल्या झाडाचं नाव विचारलं तर उत्तर येतं, 'मेपल असावा.' कुठला मेपल? पानाचा देठ मोडून पाहावा. पांढरा चीक आला तर बहुधा नॉर्वे मेपल, नाही आला तर कदाचित शुगर मेपल. हा नॉर्वे मेपल मूळचा युरोपातला, शोभेसाठी इथं आणलेला. तो इतका रुजला आणि फोफावला की आता मॅसॅच्युसेट्समध्ये त्याची विक्री बंद आहे. तोही इमिग्रंटच! निदान शेजारधर्म म्हणून तरी त्याचं नाव ठाऊक असायला हरकत नाही.

आपल्यात हे पाहणारे लोक नव्हते असं मात्र नाही. भारतातून सहा महिन्यांच्या मुक्कामाला येणारे आईवडील आठवा. त्यांना गाडी चालवता येत नसे, दुपारभर घरात कुणी नसे. आपण म्हणायचो, 'बिचाऱ्यांना कंटाळा येतो.' माझे सासरे १९९४ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे होते. ते रोज दोनदा आमच्या रस्त्याच्या टोकापर्यंत चालून येत. मागच्या तळ्यातलं मोठं कासव जूनमध्ये अंडी घालायला रस्ता ओलांडून शेजाऱ्यांच्या बागेत येतं, ही बातमी आम्हाला त्यांच्याकडून कळली. आम्ही तिथं नऊ वर्षं राहत होतो. त्यांनी खिशातल्या डायरीत ते वारतिथीसकट लिहिलं होतं : 'बुधवार, ज्येष्ठ शुद्ध षष्ठी, सकाळी साडेसात, कासव परातीएवढं.' त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. पण जागा, तारीख, माप, सगळं होतं. पोर्टरला ती डायरी आवडली असती.

आता दुसरं पुस्तक. उटाह आणि अ‍ॅरिझोनाच्या सीमेवर कोलोरॅडो नदीनं लाल वालुकाश्मात कोरलेली ग्लेन कॅनियन नावाची दरी होती. 'होती' म्हणायचं कारण पुढे येईल. १९५६ साली वरच्या कोलोरॅडोवरच्या धरणांचा कायदा झाला तेव्हा पर्यावरणवाद्यांनी डायनासोर नॅशनल मॉन्युमेंटमधलं एको पार्कचं धरण टाळण्यात यश मिळवलं. त्या तडजोडीत ग्लेन कॅनियनच्या धरणाला विरोध झाला नाही. ब्राउवरनं तेव्हा ती दरी पाहिलेलीच नव्हती. नंतर पाहिली, तोवर उशीर झाला होता, आणि ही खंत त्यानं पुढे उघडपणे सांगितली. पोर्टर १९६० पासून धरण पुरं होईपर्यंत तिथं पुन्हापुन्हा गेला. १९६३ च्या सुरुवातीला दरवाजे बंद झाले. पाणी चढू लागलं, आणि त्याच वर्षी पुस्तक आलं. जलाशय काठोकाठ भरायला १९८० साल उजाडलं. तोच आजचा लेक पॉवेल, काठोकाठ भरला की १८६ मैल लांबीचा. आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांनी तिथं हाउसबोटी भाड्यानं घेतल्या आहेत.

या पुस्तकातले फोटो पहिल्या पुस्तकाहून अवघड आहेत. अरुंद दरीत ऊन तळापर्यंत पोचत नाही. ते समोरच्या भिंतीच्या माथ्यावर पडतं, तिथून उडून अलीकडच्या भिंतीवर येतं आणि येताना दगडाचा लाल रंग घेऊन येतं. वर आकाशाची चिंधी, तिचा निळा पाण्यात. त्यामुळे एकाच ओल्या दगडावर भगवा आणि निळा शेजारी शेजारी नांदतात. भिंतींवर पावसाचं पाणी ओघळून ओघळून झालेले काळे पट्टे आहेत, पावसाळा संपल्यावर जुन्या हेमाडपंती देवळाच्या भिंतीवर दिसतात तसे. वाळूवरच्या लहरी आहेत, कोनाड्यातून पाझरणाऱ्या पाण्यावर जगणारं नेचं आहे. पोर्टरला हवं असतं तर उंच कड्यावरून 'पाहा, काय बुडवताहेत!' असा एक विराट फोटो काढता आला असता. त्यानं तो मोह टाळला. बुडणाऱ्या घरातली माणसं वाड्याचा दर्शनी भाग नाही आठवत. जिन्याची तिसरी पायरी आठवतात. पोर्टरनं पायऱ्यांचे फोटो काढले.

हे मी उगीच म्हणत नाही. माझ्या आईचं माहेर सह्याद्रीतल्या एका धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या गावाचा एकच फोटो आमच्याकडे आहे : ओसरीवर ओळीनं बसलेली वीस माणसं, पुरुष टोप्या घालून, मुलं तेल लावून भांग पाडलेली. मागची भिंतही नीट दिसत नाही. नदीवर जायच्या वाटेतल्या एका दगडाला हंडा टेकवून टेकवून खळगा पडला होता असं आई सांगायची. देवळापुढचा उंबर डाव्या अंगाला होता की उजव्या, यावरून तिचा आणि मावशीचा दर दिवाळीला वाद व्हायचा. दोघी गेल्या. वादही मिटला, पण उत्तर न मिळता. कुणी त्या दगडाचा फोटो काढायचा विचारही केला नसता. फोटो माणसांचे काढायचे, दगडाचा कशाला? 'कशाला' या प्रश्नाचं उत्तर पाणी चढल्यावर कळतं.

म्हणूनच 'द प्लेस नो वन न्यू' या नावाशी माझा झगडा आहे. 'कुणालाच ठाऊक नसलेली जागा' म्हणजे कुणाला? दरीच्या भिंतींतून प्राचीन पुएब्लो लोकांची घरं होती, दगडावर कोरलेली चित्रं होती. नावाहो आणि पायूट लोकांच्या वहिवाटीतला तो मुलूख. तिथली रेनबो ब्रिज ही दगडी कमान नावाहोंना पवित्र. जॉन वेस्ली पॉवेल १८६९ मध्ये होड्या घेऊन तिथून गेला आणि दरीला ग्लेन कॅनियन हे नाव देऊन आला. म्हणजे ठाऊक असणारे पुष्कळ होते. फक्त जे धरणाचा निर्णय घेत होते आणि जे त्याला विरोध करू शकले असते, त्यांना ठाऊक नव्हती. आमच्या आजोळबद्दलही कुणी म्हणालं असतंच की तिथं काय आहे, चार घरं आणि एक उंबर! आधीच सांगितलेली पोर्टरची उणीव इथं भोवते. ज्याच्या फोटोत माणूस कधीच येत नाही, त्याच्या जगात जागा 'कुणाचीच नाही' असं म्हणणं सोपं होतं. त्याच्या नजरेला दगडफूल दिसलं. त्या दगडाला हात लावून गेलेली माणसं तिच्यातून सुटली.

दुसरा आक्षेप असा घेता येईल की एवढ्या सुंदर फोटोंनी साधलं काय? ग्लेन कॅनियन तर बुडालीच. हे खरं आहे. पण ती बुडाल्याची टोचणी हे पुस्तक लोकांच्या टेबलावर ठेवून गेलं. पुढे ग्रँड कॅनियनमध्ये धरणं बांधायचा घाट घातला गेला तेव्हा सिएरा क्लब गप्प बसला नाही, आणि १९६८ च्या कायद्यात ती धरणं वगळली गेली. सगळं श्रेय फोटोंना देणं भाबडेपणाचं होईल. पण न पाहिलेल्या जागेसाठी कुणी भांडत नाही, आणि पाहिलेली जागा सोडवत नाही, एवढं तर मान्य करावं लागेल. शिवाय गोष्ट अजून संपलेली नाही. दुष्काळामुळे लेक पॉवेलची पातळी घटत घटत २०२३ च्या सुरुवातीला भरणा झाल्यापासूनच्या नीचांकावर गेली. कित्येक बाजूच्या घळी पाण्याबाहेर आल्या, त्यांत पुन्हा झाडं उगवू लागली. पूर्वी तिथं काय होतं हे ताडून पाहायचं झालं तर पोर्टरची पानं हाताशी आहेत. आमच्या आजोळच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात आटतं, देवळाचा चौथरा उघडा पडतो म्हणतात. तिथं ताडून पाहायला आमच्याकडे ओळीनं बसलेली वीस माणसं आहेत.

तेव्हा या दोन पुस्तकांची शिफारस मी 'सुंदर फोटो' म्हणून करणार नाही, जरी ते तसे आहेत. आपल्या पब्लिक लायब्ररीतून मागवता येतात. जुन्या पुस्तकांच्या दुकानात पहिल्या पुस्तकाची कागदी बांधणीची आवृत्ती अजून स्वस्तात मिळते. पाहताना फोटोखालची ओळ आधी वाचा, मग फोटो पाहा. आणि पोर्टरनं जे वगळलं ते आपण वगळायचं कारण नाही. ओढ्याकाठचं पान असेल तर तिथं टाकलेला कोकचा डबाही असू दे. इंडियन स्टोअरच्या मागच्या भिंतीवर चढलेली वेल, देवळाच्या पार्किंग लॉटमधल्या फटीत उगवलेलं गवत, स्वयंपाकघराच्या खिडकीत जानेवारीत कसाबसा जगवलेला कढीपत्ता आणि त्याच्यामागच्या काचेवर जमलेलं बर्फ, ही आपली दृश्यं आहेत. ती आपण पाहिली नाहीत तर दुसरं कुणी पाहणार नाही. आपली मुलं इथंच वाढली. त्यांच्या मुलांचं आजोळ हेच, आपलं हे सबडिव्हिजनमधलं घर. पन्नास वर्षांनी त्यांच्यात वाद होईल की झाड दाराच्या डावीकडे होतं की उजवीकडे.

जाता जाता मंडळाच्या संपादकांना एक सूचना. दिवाळी अंकात कार्यक्रमांचे ग्रुप फोटो छापतोच, छापावेतच. त्यांच्या जोडीला एक पान वेगळं ठेवावं. प्रत्येक घरानं एकच फोटो पाठवायचा, घरापासून दहा मिनिटांच्या चालीत सापडलेल्या एका लहानशा गोष्टीचा. फोटोत घरातलं कुणी नसलं तरी चालेल. खाली जागा, तारीख आणि रंगाचं मराठी नाव लिहिलेलं असावं. नाव आठवत नसेल तर आईला फोन करावा. ज्यांना तसा फोन करता येणार नाही, त्यांनी मला करावा. मला बरीच नावं येतात, आणि आमच्यात एखाद्या रंगावरून वाद झाला तर आनंदच आहे.